मुका पट्टा

त्या पिकअपच्या बॉनेटखाली, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर बॉलपेनने लिहिले होते, 'टी. बेल्ट चेंज १,८६'. पुढचे तीन आकडे उष्णतेने आणि तेलकट बोटांनी पुसून गेले होते. तारीख कुणी लिहिलीच नव्हती. गाडी माझ्या दाजींची, तिसऱ्या हातातून घेतलेली. मिरजेहून पुण्याला भाजीपाला नेण्यासाठी ते ती चालवत. घेताना त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला होता, धुराचा रंग पाहिला होता, ऑइलची कांडी काढून बोटांवर ऑइल चोळून बघितले होते. जुनी गाडी घेताना आपल्याकडे जे जे पाहतात ते सगळे पाहिले होते. कागद वाचला नव्हता.

खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन बंद पडले. आधी काही आवाज आला होता का, असे मी त्यांना नंतर पुन्हा पुन्हा विचारले. "काही म्हणता काही नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी गप्प झाली बघा," ते म्हणाले. मग त्यांनी कुणीही करील तेच केले, चावी फिरवून स्टार्टर मारला. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला, आत काही अडतच नसल्यासारखा. त्यांनी आणखी दोनतीनदा मारून पाहिला. जी हानी व्हायची राहिली असेल ती त्या वेळी झाली. हेड उतरवले तेव्हा पिस्टनच्या माथ्यांवर चंद्रकोरीसारखे ठसे उमटलेले होते आणि व्हॉल्व्ह वाकले होते. टायमिंग बेल्ट तुटला होता. एका हंगामाची कमाई त्यात गेली.

एवढ्या मोडतोडीआधी यंत्राने हूं की चूं करू नये, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मी इंजिनिअर नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. पण जुनी वर्कशॉप मॅन्युअले, पेटंटे, गाडीबरोबर मालकाला मिळणाऱ्या पुस्तिका जमवून वाचण्याचा नाद आहे. या पट्ट्याचा माग काढताना लक्षात आले की इंजिन इथे एकाएकी मुके झालेले नाही. ते शांत व्हावे यासाठी फार लोकांनी फार वर्षे खटपट केली होती.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक फेरा घेतो. निकोलाउस ओटोने १८७६ साली असे इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून आजतागायत या प्रमाणात बदल झालेला नाही. क्रँक पिस्टनला वरखाली करतो, कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. व्हॉल्व्हने कधी आत डोकावायचे आणि पिस्टन वर यायच्या आत कधी मागे सरायचे, या ताळमेळाला टायमिंग म्हणतात. हा ताळमेळ राखायचा तर दोन्ही शाफ्ट एकमेकांना अशा रीतीने बांधले पाहिजेत की मध्ये अंशभरही घसरण होऊ नये. सुरुवातीला त्यासाठी दातेरी चाके, म्हणजे गिअर, होती. मग चेन आली. मँचेस्टरमध्ये कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवणाऱ्या हान्स रेनॉल्डने १८८० साली बुश-रोलर चेन काढली. सायकलच्या चेनची ती आजी आणि इंजिनातल्या टायमिंग चेनचीही.

आपल्याकडच्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या या दोहोंवर तयार झाल्या. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी सहकार्याचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. त्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांत कॅम फिरवायला गिअर होते. अँबॅसिडर आणि कुर्ल्याला बनणारी फिआट यांत चेन होती. गिअरचे दात झिजले की पुढच्या कव्हरमधून घरघर सुरू होते. चेन सैल झाली की सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखडते आणि मग ऑइल चढले की गप्प बसते. जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कव्हरवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि सांगत, "अजून सहा महिने चालवा, दिवाळीनंतर आणा." ही बढाई नव्हती. धातू झिजताना सांगून झिजतो, आणि त्याच्या पहिल्या कुरकुरीपासून शेवटच्या घावापर्यंत हजारो किलोमीटरची मुदत असते.

पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालाच नव्हता. तो शिवणयंत्रासाठी झाला. १९४०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस या तंत्रज्ञाने सिंगर यंत्रांसाठी आतून दात असलेला रबरी पट्टा तयार केला. तो ज्या गिल्मर कंपनीत काम करत होता तिच्या नावावरून जुने लोक अजूनही त्याला गिल्मर बेल्ट म्हणतात. इथे वाचकाच्या डोळ्यांपुढे आपल्या शिंप्याच्या पायमशीनचा गोल चामडी पट्टा येईल, पण तो हा नव्हे. तो पट्टा पायांची ताकद यंत्रापर्यंत पोचवतो. तो घसरला तर यंत्र थोडे मंद चालते, एवढेच. केसचा पट्टा यंत्राच्या पोटात होता. वरच्या शाफ्टवर सुई आणि खालच्या शाफ्टवर बॉबिनभोवती फिरणारा हुक, या दोघांची गाठ प्रत्येक टाक्याला ठरलेल्या क्षणी पडावी लागते. हुक चुकीच्या क्षणी आला तर टाका सुटतो, सुई त्याच्यावर आपटली तर मोडते. सुईच्या जागी व्हॉल्व्ह ठेवा आणि हुकाच्या जागी पिस्टन, की घाटात दाजींच्या गाडीत काय झाले ते समजते. फरक इतकाच की सुई चार आण्यांत मिळत असे.

दिसायला रबरी असला तरी या पट्ट्याची ताकद रबरात नसते. लांबीच्या दिशेने आत दोऱ्या भरलेल्या असतात आणि ओढ त्या सहन करतात. मोटारींच्या पट्ट्यांत त्या पुढे काचतंतूंच्या झाल्या. काचतंतू ताणला जवळजवळ लांबत नाही, म्हणूनच तो टायमिंगला चालतो. पण काच ती काच. नवा पट्टा उलटा पिळला, बोटाएवढ्या घडीत दुमडला किंवा स्क्रू ड्रायव्हरने रेटून पुलीवर चढवला, तर आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दातांवर नायलॉनचे कापड असते आणि अंग कृत्रिम रबराचे. आधी निओप्रीन असे. १९८०च्या दशकापासून उष्णता आणि तेल अधिक सोसणारी रबरे आली. 'अधिक सोसणारी' एवढेच, कारण गळक्या ऑइल सीलखाली चालणारा पट्टा आजही लवकरच फुगतो आणि त्याचे दात सुटतात.

शिवणयंत्रातून हा पट्टा मोटारीत आणणाऱ्या पहिल्या माणसांत कॅलिफोर्नियाचा बिल डेव्हिन होता. त्याने पानारच्या लहानशा फ्रेंच इंजिनावर नॉर्टन मोटारसायकलची हेडे बसवली आणि कॅम फिरवायला गिल्मर बेल्ट लावला. १९५६ साली त्या गाडीने अमेरिकेत आपल्या गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पण शर्यतीच्या गाडीचे इंजिन दर आठवड्याला उघडले जाते. तिथे पट्टा टिकला, याचा अर्थ फारसा नाही.

खरा जुगार खेळला बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या हान्स ग्लास कंपनीने. ही मंडळी मूळची शेतीअवजारे बनवणारी, पेरणीयंत्रे हा त्यांचा धंदा. युद्धानंतर त्यांनी स्कूटर काढली, मग गोगोमोबिल ही चिमुकली मोटार, आणि १९६२ पासून ग्लास १००४ विकायला सुरुवात केली. दातेरी पट्ट्यावर कॅम फिरवणारी ही पहिली कारखानी मोटार. मोठ्या नावाजलेल्या कंपन्यांना जे धाडस झाले नाही ते पाभरीच्या कारखानदाराला झाले, याचे मला फार कौतुक वाटते. चारच वर्षांत, १९६६ साली, ग्लास कंपनी बीएमडब्ल्यूने विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत पाँटिअ‍ॅकने सहा सिलिंडरच्या इंजिनात आणि इटलीत फिआटने १२४ स्पोर्टमध्ये पट्टा आणला. फिआटचे ते इंजिन आउरेलिओ लांप्रेदी याचे. गंमत अशी की तुरिनची फिआट पट्ट्याकडे वळली तरी तिचेच जुने ११०० मॉडेल कुर्ल्याला पद्मिनी नावाने शतक संपेपर्यंत चेनवरच बनत राहिले. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला टायमिंग बेल्ट म्हणजे काय हे त्या गाडीने कधी शिकवले नाही.

पट्ट्याकडे सगळे का वळले? तो हलका आणि स्वस्त होता, ऑइल मागत नव्हता, आणि कॅम हेडच्या माथ्यावर, क्रँकपासून लांब नेता येत होता. आणि तो शांत होता. जाहिरातींच्या दृष्टीने शेवटचा गुण सर्वांत मोठा. गाडी विकणाऱ्याला जो गुण वाटला तो वापरणाऱ्याच्या दृष्टीने काय होता, याचा विचार त्या काळच्या साहित्यात मला क्वचितच आढळला.

पेट्रोलच्या गाड्यांत निदान काही इंजिने अशी होती की पट्टा तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नसत. गाडी टो करून आणायची, नवा पट्टा बसवायचा, पुढे चालायचे. डिझेलमध्ये ही सवलत जवळपास नाहीच. त्या पिढीच्या लहान डिझेल इंजिनांत हवा वीस-बावीस पटींपर्यंत दाबली जाई. इतकी दाबायची तर पिस्टन वर आल्यावर हेडखाली जागा उरते ती नखाएवढी. तिथे उघडा व्हॉल्व्ह राहिला की टक्कर ठरलेली. तरीही १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ डिझेल काढली आणि एकाच पट्ट्यावर कॅम आणि डिझेल पंप दोन्ही चालवले. पुढच्याच वर्षी टोयोटाचे 'एल' घराण्याचे डिझेल आले. त्यातही एकच पट्टा कॅम आणि पंप फिरवत असे. हे इंजिन हायलक्स पिकअपमध्ये बसले आणि आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाच्या कच्च्या रस्त्यांवर धावू लागले. शहरी मोटारीसाठी काढलेली सोय अशा तऱ्हेने ओझे वाहणाऱ्या गाडीत आली. अवजड ट्रक बनवणारे मात्र या वाटेला गेले नाहीत. त्यांच्याकडे गिअरच राहिले.

भारतात बहुतेक मिस्त्रींची पट्ट्याशी पहिली ओळख १९८३ नंतर मारुती ८००मुळे झाली. डिझेलच्या पट्ट्याशी घसट वाढली ती २००० साली क्वालिस आल्यावर. तिचे २४४६ सीसीचे इंजिन त्याच 'एल' घराण्यातले, म्हणजे मुळात पिकअपचे. ती बनत असे बंगळुरूजवळ बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात. किर्लोस्करांची सुरुवात लोखंडी नांगरापासून आणि ग्लासची पेरणीयंत्रापासून. पट्ट्याच्या गोष्टीत शेतीचे हे दोन कारखाने चाळीस वर्षांच्या अंतराने यावेत, या योगायोगातून मी काही सिद्ध करत नाही, फक्त नोंद करून ठेवतो.

मुका भाग बसवायचा तर त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवे. ते काम आकड्याकडे आले. या टोयोटा डिझेलला आकडा होता एक लाख किलोमीटर. पट्टा चांगला दिसो वा वाईट, एक लाखाला बदला. मीटरच्या काचेमागे 'टी-बेल्ट' असा एक दिवाही दिला गेला. अनेक चालकांचा समज असा की पट्टा झिजला की दिवा लागतो. दिव्याला पट्ट्याची काहीच खबर नसते. तो फक्त मीटरने मोजलेले किलोमीटर जाणतो. एक लाख भरले की लागतो, मग पट्टा काल बदललेला असो की कधीच नसो. काही गाड्यांत तो विझवण्यासाठी मीटरच्या दर्शनी भागावरचे रबरी बूच काढून आतला खटका बारीक स्क्रू ड्रायव्हरने दाबावा लागतो. पट्टा न बदलताही तो दाबता येतो, हे सांगायला नकोच.

म्हणजे पूर्वी जे ज्ञान मिस्त्रीच्या कानात होते ते आता तीन ठिकाणी विभागले गेले. मीटरचा आकडा, सर्व्हिसची वही आणि बॉनेटखालचा कागद. ही व्यवस्था पहिल्या मालकाकडे चोख चालते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाते तेव्हा वही हरवते, कागद पुसतो. मीटर मागे फिरवून देणारे कारागीर कुठल्या शहरात नाहीत? दाजींच्या पिकअपचा आकडा पूर्ण वाचता आला असता तरी उपयोग नव्हता. स्पीडोमीटरची केबल आधीच्या मालकाच्या वेळीच तुटली होती आणि मीटर किती दिवस एकाच आकड्यावर उभे होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कानाला गाडीचा मालक कोण हे विचारावे लागत नसे. कागदाला विचारावे लागते. जिथे गाडी नवी घेऊन सहा-सात वर्षांत टाकून देतात तिथे हा फरक जाणवणार नाही. आपल्याकडे गाडी तिसऱ्या हातात गेल्यावरच तिचे खरे कष्टाचे आयुष्य सुरू होते.

अगदी काटेकोर बोलायचे तर पट्टा कधी कधी आवाज करतो. फार ताणून बसवला तर शिट्टीसारखा सूर काढतो, कडेचे धागे सुटले तर कव्हरवर फटफटतो. पण पहिला आवाज बसवणाऱ्याच्या चुकीचा असतो, आणि दुसरा आला तर नशीब म्हणायचे.

टोयोटाने पुढच्या पिढीत, इनोव्हाच्या पहिल्या डिझेल इंजिनात, पंपाकडे गिअर लावले आणि पट्ट्याकडे फक्त कॅम ठेवला. २०१५ नंतरच्या इंजिनांत तर चेनच परत आली. टोयोटाची पट्ट्याची डिझेल इंजिने अजून रस्त्यावर आहेत ती जुनी होऊन, आपल्यासारख्यांच्या हातात.

दाजींच्या गाडीचे हेड दुरुस्त होऊन आले तेव्हा पट्टा बसवताना मी मिस्त्रींजवळ दिवसभर बसलो. वय सत्तरीकडे झुकलेले, सगळी हयात गिअरवाल्या ट्रकांत गेलेली. त्यांनी प्रथम क्रँक खुणेवर आणला नाही. उलट, खुणेपासून पाव फेरा मागे नेऊन ठेवला. कारण विचारले तर म्हणाले, "आता चारी पिस्टन अधांतरी आहेत. कॅम कसाही फिरवला तरी टक्कर नाही." मग कॅमची पुली तिच्या खुणेवर आणली, पंपाची तिच्या खुणेवर, आणि सर्वांत शेवटी क्रँक हळूच 'टॉप'वर, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर येईल असा. पंपाच्या आणि कॅमच्या पुलीला स्प्रिंगांचा दाब असतो. हात सोडला की त्या झटका देऊन खुणेवरून सरकतात. एक दात चुकला तर किती फरक पडतो याचा हिशेब मी तिथेच बसून केला. कॅमच्या पुलीला चाळीस दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे नऊ अंश, क्रँकचे अठरा. गाडी सुरू होते, पण धूर ओकते, चढावर दम टाकते, आणि मालक बिचारा पंप आणि नोजल बदलत बसतो.

काही गॅरेजांत जुना पट्टा काढण्याआधी पट्ट्यावर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करतात, दात मोजून त्या नव्या पट्ट्यावर उतरवतात आणि तसाच बसवतात. हे जलद होते. मिस्त्रींना ते पसंत नव्हते. "आधीच्याने दात चुकवला असेल तर मी त्याची चूक नवी करून देणार," ते म्हणाले. जुन्या बखरींच्या नकलांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे वाक्य कुणी समजावून सांगायला नको. नक्कल करणारा जितका प्रामाणिक, तितकी मूळ चूक पक्की होते. मिस्त्रींनी फक्त कारखान्यात धातूवर कोरलेल्या खुणा मानल्या.

पट्टा त्यांनी क्रँकपासून चढवायला घेतला. ओढीच्या बाजूला तो ताठ ठेवला, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला येऊ दिला आणि टेन्शनरचा बोल्ट सैल करून ताण स्प्रिंगलाच ठरवू दिला. पान्ह्याने रेटून ताणले नाही. टेन्शनरचे बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील नवीन टाकले होते. मग क्रँकच्या बोल्टला लांब पान्हा लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले. स्टार्टरला हात लावू दिला नाही. कुठे अडले तर हाताला कळते आणि थांबता येते, स्टार्टरला कळत नाही. दोन फेऱ्यांनंतर तिन्ही खुणा पुन्हा समोर आल्या. मग त्यांनी टेन्शनरचा बोल्ट आवळला आणि आणखी दोन फेरे फिरवून परत पाहिले.

इंजिन सुरू झाले. सवयीने त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कव्हरला लावून मूठ कानाशी नेली आणि माझ्याकडे बघून हसले. ऐकण्यासारखे काही नव्हते.

दाजी पैसे मोजू लागले तर म्हणाले, "थांबा. आधी मीटरची केबल आणा." केबल आणायला मुलगा धाडला, ती बसवली, गाडी रस्त्यावर एक फेरी मारून आणली आणि आकडा हलतो आहे याची स्वतः खात्री केली. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, जिथे इंजिनाची ऊब पोचत नाही तिथे, त्यांनी कागद चिकटवला. त्यावर तारीख, मीटरचा आकडा आणि त्याखाली, 'आधीचे किमी माहीत नाही'. वरून सेलोटेप लावला.